मधलं पान

"पोरगी वाचत नाहीये भाऊजी, पोरगी थापा मारतेय! आणि तुम्ही दोघं बापलेक टाळ्या वाजवत बसलाय!"

मावशीचा आवाज एवढा चढला की खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं खिडकी लावून घेतली. आमची भांडणं नीट ऐकू यावीत म्हणून ती म्हातारी थंडीतसुद्धा खिडकी उघडी ठेवते. तिलासुद्धा झेपेना, यावरून काय ते समजा.

"अगं हळू," बाबा म्हणाले. "ती ऐकतेय."

"ऐकू दे की. ऐकायलाच तर येतं तिला. वाचायला कुठे येतंय?"

ती म्हणजे माझी बहीण, भिंगरी. खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, ते तिथंच राहू दे. एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. यंदा आठ वर्षांची झाली. आत्ता मात्र ती ओट्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि हाताच्या मागच्या बाजूवर फुंकर घालत होती, कारण मावशीनं नुकताच तिथे सणसणीत फटका दिला होता.

झालं होतं असं. मावशी सकाळच्या बसनं आली. भिंगरी तिला घ्यायला खाली पळाली. आमच्या जिन्याखाली विजेची पेटी आहे. झाकण कधीच मोडलंय, तारा बाहेर लोंबतात. वर पाटी आहे: 'हात लावू नका. जिवाला धोका.' मावशीनं सहज विचारलं, काय गं लिहिलंय यावर? भिंगरीनं पाटीवरून बोट फिरवत, अगदी शाळेतल्या बाईंसारखा सूर लावून वाचलं, "इथे मांजरीची पिल्लं आहेत. हळूच हात घाला." आणि घालायला निघाली.

"एवढंसं राहिलं होतं, एवढंसं!" मावशी बाबांच्या नाकासमोर चिमूट नाचवत होती. "मी नसते तर आज तुमच्या दारात काय असतं?"

"लहान आहे ती."

"आठ वर्षांची आहे! शाळेतल्या बाईंनी निरोप मला पाठवला, तुम्हाला नाही. कारण तुम्हाला बोलावून बोलावून त्यांची जीभ झिजली. या वर्षानंतर तिला मागच्या इमारतीत, न शिकणाऱ्या पोरांच्यात बसवणार आहेत. तिथे काय करतात माहितीये? मणी ओवतात. दिवसभर मणी ओवतात आणि संध्याकाळी घरी येतात."

"ती हुशार आहे. तिच्यासारख्या गोष्टी कोण सांगतं?"

"गोष्ट सांगायला नव्हतं सांगितलं. पाटी वाचायला सांगितली होती!"

मला राहवेना. मी म्हणालो, "तू वर्षातून दोनदा उगवतेस आणि आम्हाला अक्कल शिकवतेस होय?"

"तू गप्प बस. तू शाळा सोडलीस तेव्हासुद्धा तुझे बाबा हेच म्हणाले होते. हुशार आहे म्हणे."

मी कप आपटला. कपाचा कान तुटून माझ्या हातात राहिला. आता शाळेचं काय सांगू, गणिताच्या सरांनी मला डस्टर फेकून मारलं, मी ते परत फेकलं. त्यांचा नेम चुकला, माझा लागला. एवढाच काय तो फरक. पण या घरात ती गोष्ट भाजीत मिठासारखी रोज पडते.

मावशी वाईट नाही, हे मी चिडलेला असलो तरी सांगेन. ती दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करते. मूलबाळ नाही. दोन खोल्या आहेत, गल्लीच्या तोंडाशी वाचनालय आहे. आई गेल्यापासून तिचं एकच म्हणणं, भिंगरीला माझ्याकडे द्या. आणि आई गेली तेव्हा या घरात खरं काय ते तोंडावर बोलणारी तीच एकटी होती. तेव्हा बाबांनी तिला गप्प केलं होतं. या वेळी ती गप्प बसणार नव्हती.

"मी पुढच्या रविवारी येते," ती म्हणाली. "नवं कोरं पुस्तक आणते. कोणी न बघितलेलं. त्यातलं एक पान तिनं माझ्यासमोर वाचायचं. वाचलं, तर मी हा विषय मरेपर्यंत काढणार नाही. नाही वाचलं, तर त्याच बसनं मी तिला घेऊन जाते. बोला."

बाबांनी विचार करायला हवा होता. पण आमच्या घरात राग नुसता माझ्याकडेच आलाय असं थोडंच आहे?

"एक पान कशाला, दोन वाच म्हणू," बाबा म्हणाले. "शब्द दिला."

ओट्याखाली भिंगरीनं फुंकर घालणं थांबवलं.

आता ती थापा का मारते, ते सांगायला हवं. त्यात तिची चूक नव्हती.

बाबा आणि मी कागदाच्या गिरणीत आहोत, रद्दीच्या शेडमध्ये. ट्रक भरून रद्दी येते, तिचा लगदा होतो, लगद्याचा परत कागद. मला तिथे सगळे ठिणगी म्हणतात. मुकादम रोज तोच विनोद करतो, "कागदाच्या गोदामात ठिणगीला कोणी रे कामावर घेतलं?" आणि रोज स्वतःच हसतो. रद्दीत पुस्तकं पण येतात. न खपलेली, शाळांनी टाकलेली, पाण्यात भिजलेली. पुस्तक तसंच लगद्यात टाकता येत नाही. पाठीला डिंक असतो, त्यानं लगद्यात गाठी होतात. म्हणून बाबा कटरवर उभे राहून पुस्तकाची पाठ उडवतात. खाट्. पानं सुटी होतात आणि पट्ट्यावरून वाहत आमच्याकडे येतात. आम्ही दोन्ही बाजूंना उभे. पांढरं इकडे, रंगीत तिकडे, चिकटलेलं बाजूला.

त्यातली मूठभर पानं घरी नेली तर मुकादम न बघितल्यासारखं करतो. आमच्या घरातली सगळी पुस्तकं अशी आलीत. एकालाही कव्हर नाही. सातव्या पानावर सुरू होतं, मग एकदम विसावं, मग कुठल्या तरी दुसऱ्याच पुस्तकाचं पान, त्यात अचानक पाणबुडी. बाबा ती गठ्ठे बांधायच्या दोऱ्यानं शिवतात.

पानं नसायची म्हणून आईनं खेळ काढला. मधलं पान. संध्याकाळी पाळी संपली की आम्ही सगळे पलंगावर. आई वाचायची. पान गायब असलं की ती गादीवर थाप मारायची, "मधलं पान!" मग प्रत्येकानं सांगायचं त्यावर काय असेल. ज्याचं सगळ्यात भारी, त्याला शेगडीजवळची उबेची जागा. मी नेहमी स्फोट घडवायचो. बाबांच्या गोष्टीत कोणीतरी झोपून जायचं. आणि भिंगरी, तेव्हा एवढीशी, असलं काही सांगायची की आई वाचायचं विसरून तिच्याकडे बघत राहायची.

आई पण आमच्याच शेडमध्ये कामाला होती. मग तिला खोकला लागला. कागदाची धूळ. शेडमध्ये सगळेच खोकतात, त्यामुळे आधी कोणी लक्ष दिलं नाही, आणि दिलं तेव्हा दवाखान्यातले लोक आमच्याकडे न बघता बोलायला लागले होते. ती गेली तेव्हा बाबांनी भिंगरीला सांगितलं, आईला हवापालटाला नेलंय. रोज संध्याकाळी निरोप सांगायचे. आज आईनं अर्धा पाव खाल्ला. आज आई खिडकीत बसली. मी भांडी आपटायचो, पण तोंड उघडत नव्हतो. खूप दिवस चाललं हे. शेवटी खालच्या म्हातारीच्या नातवानं जिन्यात तिला काय ते सांगून टाकलं. भिंगरी वर आली, चपला काढल्या, आणि कोणाला काही विचारलं नाही.

खेळ मात्र बाबांनी चालू ठेवला. त्यांना वाचता येतं, पण कष्टानं. दिवसभर कटरवर डोळे फोडून आल्यावर अक्षरं नाचतात म्हणे. मग पान असलं तरी ते गादीवर थाप मारायचे. मधलं पान! मला दिसायचं की पान आहे. जाऊ दे, दमलेत, म्हणायचो. हळूहळू पुस्तकात पानं कमी आणि थापाच जास्त झाल्या. भिंगरी 'वाचायला' लागली ती अशी. चित्र बघायचं, छताकडे बघायचं, बोलायचं, आणि बरोबर वेळेवर पान उलटायचं. पान काय झोकात उलटायची! तिला वाटायचं वाचणं म्हणजे हेच. दुसरं कधी बघितलंय कुठे तिनं?

तर पहिल्या दिवशी मी तिला घेऊन बसलो. "वाच."

तिनं छताकडे बघितलं.

"वर काय लिहिलंय का? खाली बघ!"

"एकदा एक राजा होता—"

"कुठे आहे राजा? दाखव! बोट ठेव! कुठे आहे 'राजा'?"

मी पुस्तक भिंतीवर फेकलं. ती माझ्या दंडाला चावली. दातांचे वळ अजून आहेत. बाबा म्हणाले, "झालं का शिक्षण?" आणि तोंडावर चादर ओढून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर उभा असताना माझ्या डोक्यात आलं. पट्टा थांबत नाही. पान आलं की ठरवायचं, टाकायचं, पुढचं आलंच. थाप मारायला वेळच नाही. मी रद्दीतून मोठ्या अक्षरांचे तुकडे खिशात कोंबले. घरी येऊन टेबलाशी तीन टोपल्या ठेवल्या. एक खायच्या गोष्टींची, एक घरातल्या वस्तूंची, एक चावणाऱ्यांची. मी टेबलाच्या या टोकाला, भिंगरी त्या टोकाला. मी एकेक तुकडा सरकवणार, तिनं शब्द बघून बरोबर टोपलीत टाकायचा. उशीर केला तर तुकडा जमिनीवर, आणि जमिनीवर पडला तर मुकादम ओरडणार. मुकादम म्हणजे बाबा. हातात पातेल्याचं झाकण.

"चला! हात चालवा! गिरणी काय तुमच्या बापाची आहे?" बाबांनी झाकण बडवलं. मुकादमाची नक्कल त्यांना हुबेहूब येते, कमरेला हात लावून पोट पुढे काढण्यासकट.

पाव. खुर्ची. कुत्रा. भिंगरीचा पहिला तुकडा पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला तिनं ओठ हलवले आणि झटकन चावणाऱ्यांच्या टोपलीत टाकला. कुत्रा. मी श्वास रोखून पुढचा सरकवला. दार. बरोबर. मासा. बरोबर. मग मी मुद्दाम हातानं लिहिलेला एक घुसवला: मावशी. तिनं वाचला, क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि चावणाऱ्यांत टाकला.

बाबांच्या हातातून झाकण पडलं. आम्ही तिघं एवढे हसलो की म्हातारीनं खालून काठीनं छत ठोकलं. आई गेल्यानंतर ती काठी पहिल्यांदा वाजली.

तिला अक्षरं येत होती. सगळी. शाळेत शिकवलीच होती. त्यांचा काही उपयोग असतो, एवढंच तिला कुणी दाखवलं नव्हतं. मग रोज तेच. घरी आलो की ती टोपल्या मांडून तयार. शब्दांनंतर मी वाक्यांच्या पट्ट्या फाडून आणायला लागलो. खरं इकडे, खोटं तिकडे. 'गाय उडते.' खोटं. 'पाणी ओलं असतं.' खरं. 'दादा शांत आहे.' तिनं ती फाडूनच टाकली. बाबा एकदा मुकादम सोडून पट्ट्यावर उभे राहिले तर ती त्यांच्यापुढे निघून गेली. बाबा म्हणाले, "हिला उद्यापासून कामावर घ्या, मला काढा," आणि डोळे पुसले, धूळ गेली म्हणाले.

तिला मग खरी गिरणी खेळायची होती. "तुम्ही अजून काय काय करता?" मी तिला अंगठा शिकवला. पट्ट्यावर आम्ही प्रत्येक पान अंगठा आणि बोटात चोळतो. दोन पानं डिंकानं चिकटलेली असली तर बोटांना लगेच कळतं. जाड लागतं, आवाज बद्द येतो. ती बाजूला काढायची, नाहीतर लगद्यात गाठ. "वाफेवर धरलं की सुटतात," मी सांगितलं. नको ते ज्ञान.

शनिवारी माझी अर्धी पाळी. बाबा कटरवरच होते. मी घरी आलो तर किटली शेगडीवर उकळतेय, खिडकीच्या काचा वाफेनं आंधळ्या झाल्यात, आणि भिंगरी जमिनीवर बसलीय. भोवती घरातली सगळी पुस्तकं. एकेक पान अंगठ्यानं तपासून झालं होतं तिचं. मांडीवर कोल्हिणीचं पुस्तक.

त्या पुस्तकाबद्दल सांगतो. भिंगरीचं सगळ्यात लाडकं. कोल्हीण असते, तिची पिल्लं असतात, बर्फ पडलेला असतो. कोल्हीण पिल्लांसाठी खाणं शोधायला जाते. मग थाप, मधलं पान. पुढच्या पानावर पिल्लं मोठी झालेली, रानात पळताहेत. मधे कोल्हीण घरी कशी आली, हे आम्ही किती वेळा किती तऱ्हांनी सांगितलंय. नदीवरून, होडीतून, माझ्या वेळी तोफेच्या गोळ्यावर बसून.

"दादा, हे गायब नव्हतं," भिंगरी म्हणाली. "चिकटवलेलं होतं."

पान ओलं होतं, कडा विस्कटलेल्या. तिनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. माझ्यासाठी नाही, आधी एकदा वाचून झालेलं परत वाचावं तसं.

"कोल्हीण सा... साप... सापळ्यात अडकली. तिनं खूप ओढलं. सकाळी बर्फावर लाल डाग होते. पिल्लं वाट बघत राहिली. ती परत आली नाही. मग पिल्लं भुकेनं बाहेर पडली."

आणि मी काय केलं? मी ओरडलो, आनंदानं! "आलं! तुला आलं! सापळ्यात! जोडाक्षर वाचलंस तू!" तिला उचलायला दोन्ही हात पुढे केले. मग तिचं तोंड बघितलं आणि हात तसेच राहिले.

"कोणी चिकटवलं?" तिनं विचारलं.

बघायची गरज नव्हती. गिरणीचा डिंक पिवळा असतो. हा पांढरा होता, पिठाची खळ. घरात खळ आईच शिजवायची. आणि हे पुस्तक घरात आलं तेव्हा तिचा खोकला सुरू झालेला होता.

"आईनं."

"मग आई खोटं वाचायची."

"खोटं काय त्यात? खेळ होता तो."

"पान होतं. ती नाही म्हणायची."

"तू रडली असतीस, म्हणून."

"मी तशी पण रडले," भिंगरी म्हणाली.

किटलीतलं पाणी संपून ती करपायला लागली होती. मी उठून शेगडी बंद केली. मला कोणाला तरी ठोकावंसं वाटत होतं, पण ठोकणार कोणाला? वळलो तर तिनं पुस्तकं परत फळीवर लावून टाकली होती, नीट, उंचीप्रमाणे. ती कधी काही नीट लावत नाही.

बाबा आले. "काय पोरी, तयारी झाली?" तिनं मान हलवली. मी बाबांना एवढंच म्हणालो, "येतंय तिला. जोडाक्षरंसुद्धा." बाबांनी खुर्चीला टेकून डोळे मिटले. मग उठून चपलांना पॉलिश केलं, स्वतःच्या, माझ्या, तिच्या. रविवारी कुठे जायचं नव्हतं आम्हाला. तरी केलं.

मावशी आली ती पुस्तक पिशवीत घेऊन. टेबलावर ठेवलं. कव्हर होतं, पाठ होती, पहिलं पान पहिलंच होतं. मी कामावर इतकी पुस्तकं बघतो, पण न कापलेलं पुस्तक घरात ठेवलेलं बघितलं की विचित्रच वाटतं. भिंगरीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"हे वाच," मावशीनं मधलंच एक पान उघडलं. आवाज चढलेला नव्हता. मला वाटतं तिलाही भीती वाटत होती.

मी भिंगरीच्या मागे उभा होतो. मला पान दिसत होतं. चित्रात एक माळी, झाड, शिडी, फांदीवर पक्षी. खाली लिहिलं होतं: 'माळ्यानं झाडाला शिडी लावली. शिडी लहान पडली. त्यानं शेजाऱ्याकडून दुसरी शिडी आणली. वर जाऊन बघतो तर एकच फळ उरलेलं, तेही पक्ष्यानं अर्धं खाल्लेलं.'

हे तर ती झोपेतसुद्धा वाचेल, मी मनात म्हणालो. तिचे डोळे खाली गेले. ओळीवरून सरकले, ओळ संपली तिथे थांबले, आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला आले. परत सरकले. ओठ किंचित हलले. मग तिनं छताकडे बघितलं.

"एक बाई होती," ती म्हणाली. "तिच्याकडे खूप उंच शिडी होती. तिचं शेजाऱ्यांशी भांडण होतं. ती त्यांच्याकडे काहीच मागायची नाही. ती झाडावर चढली तर सगळं झाड फळांनी भरलेलं होतं. आणि पक्षी एकसुद्धा नव्हता."

बाबा हसत होते ते हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं, खालून आधार काढून घेतल्यासारखं. "अगं पोरी, पक्षी आहे ना चित्रात. बघ ना. नीट बघ."

भिंगरीनं बघितलं नाही.

मला मात्र कळलं. अंदाजानं सांगणारा माणूस कुठेतरी चुकून बरोबर येतो. एखादी शिडी तरी लहान निघते. एकूण एक गोष्ट उलटी सांगायची, तर आधी ती वाचावी लागते.

"घाबरलीय ती," बाबा म्हणाले. "रोज वाचत होती. शपथ घेऊन सांगतो. याला विचार. सांग रे!"

भिंगरीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते काही न बोलता मिटलं.

"भाऊजी, शब्द तुमचाच आहे," मावशी म्हणाली. पुस्तक तिनं हळूच मिटलं. जिंकल्यासारखं काही नव्हतं तिच्या तोंडावर. "शाळा आमच्या गल्लीतच आहे. सुट्टीत घेऊन येईन. दर सुट्टीत."

ती बाबांशी बोलायला गच्चीत गेली. मी आतल्या खोलीत गेलो. भिंगरी कपडे घड्या न करता बॅगेत कोंबत होती.

"तुला येत होतं," मी म्हणालो.

"ओरडणार आहेस?"

"ओरडू का? बाबांना सांगू? आत्ता? मग बघतो कशी जातेस."

"सांग. मग मी राहीन." तिनं एक मोजा शोधला, दुसरा मिळाला नाही, एकच टाकला. "पण मग तुम्ही काहीपण सांगितलं की मला वाटेल, खाली अजून एक पान आहे."

"मावशी वचावचा बोलते. तुला फटका मारला तिनं!"

"मारला. पण पाटीवर धोका लिहिलं होतं, ते तिनं सांगितलं." मग बॅगेतले कपडे हातानं दाबत, "आई गेली ते पण तीच सांगत होती. बाबांनी सांगू दिलं नाही. मी दाराच्या मागे होते."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच विझली. मी पण त्याच घरात होतो.

"बाबांना काय वाटेल याचा विचार केलास?"

"म्हणून तर येत नाही असं केलं," ती म्हणाली. "येतंय आणि तरी जाते म्हटलं असतं, तर त्यांना किती लागलं असतं. तू सांगू नकोस."

"म्हणजे आता मी चिकटवायचं?"

ती बॅगेची चेन लावायला लागली, ती अडकली, मी लावून दिली.

बाबा आत आले. तिच्याकडे बघवत नव्हतं त्यांना, म्हणून माझ्याकडे बघितलं. "तू ओरडला असशील तिच्यावर," ते म्हणाले. आवाज अगदी खाली. "पहिल्या दिवशी पुस्तक फेकलंस ना भिंतीवर. भीती बसली पोरीला. सगळं येत होतं, ऐन वेळी दातखीळ बसली. तुझा हा राग एक दिवस सगळं घर खाणार, मी सांगतच होतो."

भिंगरीनं खाली बघितलं. बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. एक शब्द बोलली असती तर सुटलो असतो मी. मीही एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो.

"हो," मी म्हणालो. "ओरडलो मी."

बाबा पलंगावर बसले. हात मांडीवर, तळवे वर. कटर चालवण्याशिवाय ते हात कशासाठी आहेत हे त्यांना आठवत नसल्यासारखे. भिंगरी जवळ गेली आणि त्यांच्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली, बराच वेळ, आणि बाबांनी तिला गोष्ट सांगायला तोंड उघडलं, आणि मग सांगितली नाही.

आता ती खाली उतरलीय, मावशीचा हात धरून. बस थांबणार नाही म्हणून मावशी खालून हाका मारतेय, म्हातारीनं खिडकी उघडलीय, आणि बॅग अजून माझ्याकडेच आहे. मला आता निघायला हवं.